‘होतकरू’ या विशेषणापलीकडे : औंध परिसरातील उमेदीच्या काळातील रेखाटने आणि समीक्षेची जबाबदारी

प्रास्ताविक

जिल्ह्याच्या ठिकाणी तरुण चित्रकाराचे प्रदर्शन भरते, तेव्हा अभिप्रायाच्या वहीत येणारे शब्द बहुधा ठरलेले असतात. चित्रकार ‘होतकरू’ असतो, त्याची चित्रे ‘हुबेहूब’ असतात आणि त्याचे भवितव्य ‘उज्ज्वल’ असते. हे शब्द सद्भावनेने लिहिले जातात, पण त्यांतून समोरच्या चित्राविषयी काहीच सांगितले जात नाही. ‘होतकरू’ म्हणजे पुढे काही होऊ घातलेला. या विशेषणामुळे चित्राचे मूल्य आजच्या कागदावरून उचलले जाते आणि उद्याच्या कीर्तीवर ठेवले जाते. ती कीर्ती आलीच नाही तर ते चित्र कशासाठी पाहावयाचे, या प्रश्नाला अशा अभिप्रायात उत्तर नसते.

हा प्रश्न बोधचित्रकाराच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. कथा-कवितेसाठी चित्रे काढणारा, मुखपृष्ठ करणारा, पाठ्यपुस्तकाचे पान सजवणारा हा कलावंत चित्रकलेच्या चर्चेत दुय्यम मानला जातो आणि साहित्याच्या चर्चेत त्याचे नावही येत नाही. तो आपली अलीकडची रंगचित्रे व रेखाटने मांडतो, तेव्हा रंगचित्रांना ‘काम’ म्हटले जाते आणि रेखाटनांना ‘तयारी’. प्रस्तुत लेखात या वर्गवारीला सातारा-सांगली परिसराच्या इतिहासातून उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. औंध, किर्लोस्करवाडी आणि माडगूळ ही त्यासाठी निवडलेली तीन ठिकाणे जुन्या औंध संस्थानाशी निगडित आहेत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतर औंध सातारा जिल्ह्यात राहिले. आटपाडी आणि कुंडल हे भाग १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे १९६० पासूनच्या सांगली जिल्ह्यात गेले. आजच्या दोन जिल्ह्यांची ही चित्रस्मृती मुळात एक आहे.

संज्ञांचा प्रश्न

मराठी समीक्षेने चित्रकलेकडून बरेच शब्द उसने घेतले आहेत. ‘शब्दचित्र’, ‘व्यक्तिचित्र’, ‘रेखाचित्र’, ‘चित्रण’, ‘रंगवणे’, ‘छटा’ हे शब्द कथा-कादंबरीच्या विवेचनात सर्रास येतात. लेखकाने पात्र ‘मोजक्या रेषांत उभे केले’ असे म्हटले की त्याची स्तुती होते. मात्र ज्याने त्याच पुस्तकासाठी खरोखरच मोजक्या रेषांत ते पात्र उभे केले, त्याच्या रेषांविषयी समीक्षक सहसा गप्प राहतो. साहित्यसमीक्षेने चित्रकलेची परिभाषा घेतली आणि चित्र मात्र पानावरच सोडून दिले.

येथे दोन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे. रेखाटन म्हणजे पाहिलेल्या वा कल्पिलेल्या वस्तूचा रेषेने घेतलेला शोध. बोधचित्र म्हणजे एखाद्या संहितेच्या सोबतीने, छापील पानासाठी काढलेले चित्र. रेखाटनाचे उत्तरदायित्व पाहण्याशी असते, तर बोधचित्राचे उत्तरदायित्व पाहणे, संहिता आणि छपाई या तिन्हींशी असते. म्हणून बोधचित्राला ‘लहान आकाराचे रंगचित्र’ समजणे ही वर्गवारीची चूक आहे. एकांकिकेला अपुरे राहिलेले नाटक म्हणण्यासारखेच ते आहे.

औंध : प्रमाण शोधणारे चित्र

भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आले. राज्यकर्ता, सूर्यनमस्काराचा प्रसारक, कीर्तनकार अशी त्यांची ओळख सांगितली जाते. ते स्वतः चित्रकार होते, हे त्या ओळखीत शेवटी येते. औंधच्या मूळपीठ डोंगरावर १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी चित्रसंग्रहालयात राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या शिल्पापर्यंतचा संग्रह आहे. त्यामुळे बाळासाहेबांकडे संग्राहक म्हणून पाहण्याची सवय लागली आहे. तथापि बोधचित्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती त्यांनी ग्रंथांसाठी काढलेली चित्रे. १९१६ मध्ये त्यांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. त्यामागे सचित्र आवृत्तीसाठी बाळासाहेबांनी देऊ केलेले एक लाख रुपये होते. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादनाखाली १९२७ पासून बाहेर पडू लागलेल्या आदिपर्वाच्या मुखपानावर बाळासाहेबांचे नाव चित्रकार म्हणून आहे आणि चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढल्याचे तेथेच नमूद केले आहे.

‘प्राचीन नमुन्यांवरून’ हा शब्दप्रयोग लक्षपूर्वक वाचावा लागतो. चिकित्सक आवृत्तीच्या संपादकाला प्रत्येक पाठासाठी हस्तलिखितांचा आधार द्यावा लागतो. मुखपानावरील घोषणेतून चित्रकारही तेच बंधन स्वतःवर घालून घेतो. पात्राचा मुकुट, वस्त्र, आसन, शस्त्र यांना आधार असला पाहिजे, असे तो मानतो. तेल-रंगातील रामसीता आणि शकुंतला लिथो छपाईतून घरोघरी पोहोचल्यानंतरच्या काळात हा आग्रह धरला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. लोकप्रिय प्रतिमा पुन्हा काढणे सोपे होते. अजिंठ्याचा अभ्यास करून १९३२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या या चित्रकाराने अधिक कष्टाची वाट धरली.

मात्र समीक्षेने या आग्रहाची मर्यादाही दाखवली पाहिजे. दोन हस्तलिखिते समोरासमोर ठेवून पाठ ताडता येतो, तसे वेषभूषेचे होत नाही. अजिंठ्याची बहुसंख्य भित्तिचित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. तेथील वस्त्रालंकार महाकाव्यातील पात्रांना दिले, तर ते ‘प्राचीन’ ठरतात, पण महाभारताच्या काळाचे ठरत नाहीत. म्हणजे चित्रातील प्राचीनता हा चित्रकाराचा निर्णय असतो, सिद्ध झालेला पाठ नसतो. पुरावा चित्राला शिस्त लावतो आणि त्याच वेळी ते अवघडून टाकण्याचा धोकाही निर्माण करतो. मुकुट बरोबर आहे, पण तो धारण करणाऱ्या माणसाचे दुःख दिसते का, हा प्रश्न पुराव्याने सुटत नाही. येथून मिळणारा पहिला निकष असा की, चित्र कशाच्या आधारावर उभे आहे आणि त्या आधाराने पात्राला जागा दिली की त्याची जागा घेतली, हे तपासावे.

किर्लोस्करवाडी : टाक आणि ठसा

औंध परिसरात चित्रकला सोडलेल्या माणसांची संख्या लक्षणीय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकण्यासाठी गेले होते. रंगांधत्वामुळे त्यांना रंगचित्रण सोडावे लागले आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे बाळासाहेबांच्या पाठिंब्याने त्यांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) याच जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले व्यावसायिक चित्रकार होते. १९१८ मध्ये ते औंधला आले, ‘स्वाध्याय मंडळा’च्या कामात रमले आणि वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर यांनी मात्र पुढे चित्रकलाच आयुष्यभर जोपासली.

या मालिकेत शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांचे स्थान वेगळे आहे. चित्रकलेचे शिक्षण घेऊन ते किर्लोस्करवाडीला आले आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहू लागले. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, जे १९२९ पासून ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. ‘शंवाकि’ या नावाने महाराष्ट्राने त्यांना संपादक म्हणून ओळखले. परंतु संपादक होण्यापूर्वी आणि झाल्यानंतरही ते चित्र काढत होते. त्यांची व्यंगचित्रे ‘टाकाच्या फेकी’ या नावाने प्रसिद्ध आहेत.

या शीर्षकात एक छोटे कलाशास्त्र सामावले आहे. टाक म्हणजे शाईत बुडवून लिहिण्याची लेखणी. ती लिहिणाऱ्याच्या आणि चित्र काढणाऱ्याच्या हाती सारखीच असते. ‘फेक’ या शब्दात वेग आहे, नेम आहे आणि मागे न घेता येणारी कृतीही आहे. शिशाच्या पेन्सिलीची रेषा खोडता येते, टाकाची येत नाही. हे केवळ स्वभावाचे लक्षण नव्हते, तर त्याला छपाईचे कारण होते. खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्रासाठी ठसा करावा लागे. छायाप्रकाशाच्या चित्रासाठी जाळीचा हाफटोन ठसा आणि गुळगुळीत कागद हवा असे. साध्या कागदावर स्वच्छ उमटणारा व तुलनेने स्वस्त ठसा निव्वळ काळ्या रेषेचा असे. त्या ठशाला करडा रंग माहीत नसतो. कागदावर शाई असते किंवा नसते. सावली दाखवावयाची तर रेषांची दाटी करावी लागते, अंतर दाखवावयाचे तर रेषेची जाडी बदलावी लागते. मासिकात चित्र काढणाऱ्याची रेषा अशी ठशाच्या शाळेत तयार होत असे.

येथे बोधचित्राचा आणि विचाराचा संबंधही स्पष्ट होतो. ‘किर्लोस्कर’ मासिकांनी रूढी, अंधश्रद्धा आणि स्त्रियांची कुचंबणा यांविरुद्ध सातत्याने भूमिका घेतली. अशा मासिकात व्यंगचित्र हे मजकुरातील मोकळी जागा भरण्याचे साधन राहत नाही. ते स्वतंत्र विधान करते. शंवाकिंच्या बाबतीत जाहिरात, व्यंगचित्र आणि संपादकीय यांमागे एकच शिस्त दिसते. सांगावयाचे ते एका दृष्टिक्षेपात पोहोचले पाहिजे, ही ती शिस्त. त्यात एक धोकाही आहे. एका दृष्टिक्षेपात पोहोचणाऱ्या चित्रात माणूस नमुना बनतो. भोंदू भोंदूसारखा आणि कर्मठ कर्मठासारखा दिसू लागतो. प्रचाराच्या रेषेला ही किंमत मोजावी लागते. म्हणून दुसरा निकष असा की, रेषा कोणत्या साधनाने, कोणत्या पानासाठी काढली आहे आणि त्या पानाची गरज भागवताना तिने माणसाचे वेगळेपण किती राखले, हे पाहावे.

माडगूळ : रेषेचे थांबणे

आटपाडी तालुक्यातील माडगूळ हे व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे गाव. वडील औंध संस्थानच्या नोकरीत होते. १९४२ च्या चळवळीत शिक्षण सुटले, काही काळ प्राथमिक शिक्षकाची नोकरी झाली. या उमेदीच्या वर्षांत त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. १९४९ मध्ये ‘माणदेशी माणसं’ आले, १९५५ च्या सुमारास ‘बनगरवाडी’ आली आणि महाराष्ट्राला एक मोठा कथाकार मिळाला. चित्रकार होण्याची इच्छा चरित्रातील एक रंजक तपशील म्हणून मागे उरली. पण माडगूळकरांनी चित्र काढणे सोडले नाही. त्यांच्या वन्यजीवनविषयक पुस्तकांतून त्यांची स्वतःची रेखाटनेही वाचकांसमोर आली.

‘माणदेशी माणसं’मधील लेखनाला ‘व्यक्तिचित्रे’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो शब्दशः घेतला तर काय दिसते? ‘धर्मा रामोशी’ या व्यक्तिचित्राचा शेवट आठवावा. अंगावर धड वस्त्र नसलेल्या धर्माला धोतर मिळते, पण पुढे दिसते ते असे की, त्याच्या अंगावर जुनीच लक्तरे आहेत आणि ते धोतर त्याच्या मुलीने लाज झाकण्यासाठी नेसले आहे. दारिद्र्यावर भाष्य नाही, करुणेचा उच्चार नाही. एक वस्त्र एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेलेले दिसते आणि लेखन थांबते. पाहणाऱ्याला जे दिसले तेवढेच सांगावयाचे आणि उरलेले कोऱ्या कागदावर सोडावयाचे, ही रेखाटन करणाऱ्याची रीत आहे. चांगल्या रेखाटनात पाठीची एक रेषा ओढली की पोट काढावे लागत नाही. पाहणारा ते पुरे करतो. माडगूळकरांच्या गद्यातील संयमाचे श्रेय त्यांच्या परदेशी वाचनाला दिले जाते, आणि ते काही अंशी खरेही आहे. पण कोठे थांबावे हे ज्ञान हाताला रेखाटनातूनही मिळते, ही शक्यता समीक्षेने पुरेशी तपासलेली नाही.

‘बनगरवाडी’तही असेच दिसते. मेंढपाळांची ती वस्ती, माळ, मेंढरे, दुष्काळ आणि अखेरीस ओस पडणारी वाडी यांची योजना पाहणाऱ्या डोळ्याने केलेली आहे. कमीत कमी वस्तू आणि त्यांच्याभोवती भरपूर मोकळी जागा हे माणदेशाच्या भूमीचे रूप आहे आणि तेच त्या गद्याचेही रूप आहे. पुढे ‘सत्तांतर’ या वानरांच्या टोळीवरील कादंबरीत, जिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, प्राण्याच्या हालचालीकडे दीर्घकाळ, कसलीही घाई न करता पाहण्याची सवय दिसते. प्राणी बैठक देत नाही. त्याचे चित्र काढणाऱ्याला स्मरणावर भिस्त ठेवावी लागते. शासकीय रेखाकला परीक्षेतील ‘स्मरणचित्र’ हा विषय अनेकांना गुण मिळवण्यापुरता आठवतो, पण बोधचित्रकाराचे निम्मे काम तोच असतो. तिसरा निकष येथून मिळतो. चित्रकाराने काय काढले याबरोबरच त्याने काय वगळले आणि रेषा कोठे थांबवली, हे वाचावे.

एक आक्षेप

वरील विवेचनावर एक आक्षेप संभवतो. बाळासाहेब राजे होते, शंवाकि संपादक झाले, माडगूळकर थोर लेखक झाले. म्हणूनच त्यांच्या रेषांकडे आज आदराने पाहिले जाते. ते अप्रसिद्ध राहिले असते तर ही चर्चा झाली असती का? आक्षेप रास्त आहे. कीर्तीचा उजेड मागे जाऊन सुरुवातीच्या कामावर पडतो आणि सामान्य रेखाटनही सूचक वाटू लागते. परंतु या आक्षेपातूनच मूळ मुद्दा बळकट होतो. या तिघांपैकी कोणीही पुढे ‘मोठा चित्रकार’ या अर्थाने प्रसिद्ध झाला नाही. ‘होतकरू’ या विशेषणाने जे भविष्य गृहीत धरले असते, ते त्यांच्या वाट्याला आलेच नाही. तरीही त्यांच्या रेषेतून काही शिकता येते. याचा अर्थ रेषेचे मूल्य चित्रकाराच्या पुढील कारकिर्दीवर अवलंबून नाही. ते त्या कागदावर तपासता येते आणि अनोळखी चित्रकाराच्या कागदावरही तसेच तपासता आले पाहिजे.

आणखी एक भेद विसरता येणार नाही. राजाला ग्रंथ छापून घेता आला, शंवाकिंच्या हाती मासिक होते, माडगूळच्या मुलाकडे यांपैकी काही नव्हते. उमेदीचा काळ हा सर्वांना सारखा परवडत नाही. चित्रकलेतून लेखनाकडे, शिक्षकीकडे वा नोकरीकडे वळणे हे प्रत्येक वेळी वृत्तीचे वळण नसते, पुष्कळदा ते चरितार्थाचे असते. जो थांबला तो कमी दर्जाचा होता, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

आजची रेखाटनवही

आज सातारा-सांगलीतील तरुण बोधचित्रकार आपली रंगचित्रे व रेखाटने एकत्र मांडतो, तेव्हा हे निकष उपयोगी पडतात. वाईचा घाट, मेणवलीचा वाडा, कासचे पठार, सांगलीचे गणपती मंदिर आणि आयर्विन पूल हे या भागातील चित्रांचे परिचित विषय आहेत. घाटाची पायरी आणि पाण्यातील प्रतिबिंब इतक्या वेळा रंगवले गेले आहे की, चित्रकार घाट पाहण्याऐवजी घाटाची आधीची चित्रे पाहू लागतो. असे चित्र ‘हुबेहूब’ असू शकते, पण ते कशाच्या हुबेहूब आहे हे विचारावे लागते.

आयर्विन पुलाचे उदाहरण बोलके आहे. १९२९ मध्ये खुला झालेला हा पूल पर्यटकाच्या दृष्टीने कमानींचे सुंदर दृश्य आहे. सांगलीकराच्या दृष्टीने मात्र ते एक माप आहे. कृष्णेचे पाणी किती फुटांवर आले हे पावसाळ्यात याच पुलावरून सांगितले जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते ५७ फुटांच्या वर गेले. हे ज्ञान ज्याच्या डोळ्यात आहे, तो चित्रकार पुलाच्या खांबाकडे वेगळ्या नजरेने पाहील. त्याचे लक्ष कमानीच्या डौलाऐवजी पाण्याच्या खुणेवर जाईल. पुराच्या वेळी घाईने, ओल्या कागदावर काढलेले रेखाटन प्रमाणात चुकलेले असू शकते आणि सवडीने रंगवलेले पुलाचे चित्र निर्दोष असू शकते. पण दोन्हींत अधिक पाहिलेले कोणते, हा प्रश्न समीक्षेचा आहे. त्याचे उत्तर रंगचित्राच्या बाजूने गृहीत धरून चालणार नाही. तसेच रेखाटन आहे म्हणून ते अस्सल, असेही मानता येणार नाही. घाईची रेषा आणि नेमकी रेषा यांत फरक असतो. सवयीने फिरवलेला हात बहुधा सुबक वळणाने ओळखू येतो, तर पाहून ओढलेली रेषा अडखळण्याच्या खुणाही जपते.

समारोप

औंधच्या ग्रंथचित्रांतून आधाराचा, किर्लोस्करवाडीच्या टाकातून साधनाचा आणि माडगूळच्या गद्य-रेखाटनांतून थांबण्याचा असे तीन निकष हाती येतात. चित्रकार पुढे कोण होईल, हे त्यांपैकी एकही विचारत नाही. समोरच्या कागदावर काय घडले आहे, हे तिन्ही विचारतात. उमेदीच्या काळातील चित्रकाराला उत्तेजनापेक्षा अशा वाचनाची गरज अधिक असते. उत्तेजनाने तो सुखावतो, वाचनाने त्याला पुढची रेषा कोठे ओढावी हे कळण्याची शक्यता निर्माण होते.

ही जबाबदारी महाविद्यालयांपर्यंत येते. ग्रंथालयात मासिकांच्या वार्षिक फाइली बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. ज्या पानांवर बोधचित्रकाराचे काम होते, तीच पाने त्यामुळे नाहीशी झाली. मूळ चित्र ठसा होईपर्यंतच उपयोगाचे मानले गेल्याने तेही पुष्कळदा टिकले नाही. ग्रंथनोंदीत लेखक, प्रकाशक, आवृत्ती असते. मुखपृष्ठ व आतील चित्रे कोणाची, हे बहुधा नसते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी उरलेल्या जुन्या अंकांची मुखपृष्ठे जतन करणे, नोंदीत चित्रकाराच्या नावाचा रकाना वाढवणे, मराठी विभागाने कथा शिकवताना तिच्यासोबत छापलेले चित्रही वर्गात दाखवणे आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात चित्रे काढणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव चित्राखाली छापणे, या गोष्टींना वेगळा निधी लागत नाही. मात्र त्या झाल्या नाहीत तर पुढील अभ्यासकाला या परिसराच्या रेषेचा इतिहास लिहिण्यासाठी पानेच उरणार नाहीत.